हेडफोनच्या आवाजाचा इशारा बंद करू नका, दुरुस्त करा

फोन मध्येच 'आवाज जास्त आहे' म्हणतो, गाणे आपोआप हळू होते, आणि माणूस वैतागून तो इशारा कायमचा कसा घालवायचा हे शोधू लागतो. मग मिळणारे सल्ले ठरलेले: फोनचा प्रदेश बदला, आवाज वाढवणारे अमुक अ‍ॅप टाका, इअरबड्सची नोंद स्पीकर म्हणून करा. यातला एकही करू नका. इशारा चुकीच्या वेळी येत असेल तर बहुतेकदा कारण एकच असते, फोनला जोडलेले यंत्र काय आहे हे त्याला नीट कळलेले नसते. ते सांगितले की निम्म्याहून अधिक कटकट तिथेच मिटते.

आधी आकडे, कारण पुढचे सगळे त्यांवर बेतलेले आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या मानकानुसार प्रौढांसाठी 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास ही सुरक्षित मर्यादा आहे, मुलांसाठी 75 डेसिबलला 40 तास. आवाज 3 डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. म्हणजे 83 ला 20 तास, 86 ला 10 तास. 90 ला जेमतेम 4 तास उरतात आणि 100 ला संपूर्ण आठवड्यात 25 मिनिटेही नाहीत. 3 डेसिबलचा फरक कानाला फारसा जाणवत नाही, म्हणूनच हे काम कानाच्या अंदाजावर सोडता येत नाही.

'60 टक्के आवाज, 60 मिनिटे' हा नियम तुम्ही ऐकला असेल. तो विसरा. एका हेडफोनवरचे 60 टक्के आणि दुसऱ्यावरचे 60 टक्के यांत प्रचंड अंतर असू शकते. मोजायचे ते डेसिबल.

पहिली पायरी: फोनला यंत्राची ओळख करून द्या

मला सर्वांत जास्त वेळ याच पायरीने खाल्ला, म्हणून इथे जरा थांबतो.

ब्लूटूथने जोडलेली वस्तू कानात आहे, गाडीत आहे की खोलीच्या कोपऱ्यात, हे फोनला दरवेळी ओळखता येत नाही. गाडीचा स्टिरिओ हेडफोन समजला गेला तर फोन त्याचा आवाज तुमच्या कानांच्या हिशेबात धरतो, आठवड्याचा कोटा संपल्याचा इशारा देतो आणि गाडी चालवताना गाणे हळू करून टाकतो. लोक याला फोनचा बिघाड समजतात.

आयफोनवर सेटिंग्ज, मग ब्लूटूथ, मग त्या यंत्राच्या नावापुढचे 'आय' चिन्ह दाबा. तिथे 'डिव्हाइस टाइप' दिसेल, त्यात हेडफोन, स्पीकर, कार स्टिरिओ, श्रवणयंत्र असे पर्याय असतात. ही सोय आयओएस 14.4 पासून आहे. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांत 'कनेक्टेड डिव्हायसेस'मध्ये यंत्राच्या नावापुढचे चक्र दाबले की ऑडिओ यंत्राचा प्रकार निवडता येतो. कंपनीनुसार शब्द थोडे बदलतात. जोडलेले प्रत्येक यंत्र एकदा तपासा, जुनी, विसरलेली यंत्रेसुद्धा.

आता इशारा माझ्याकडून. हीच सेटिंग उलटी वापरून कानातल्या इअरबड्सना 'स्पीकर' म्हणायचा सल्ला सर्रास दिला जातो. तसे केले की इशारा जातो हे खरे, पण त्याबरोबर मर्यादाही जाते आणि मोजणीही. पुढे कधी कानात शिट्टी वाजू लागली तर मागे वळून बघायला एकही आकडा हाती राहत नाही. अंतर्कर्णातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कुणालाही हा सल्ला देऊ नका.

याच पायरीतला दुसरा गुंता म्हणजे दोन आवाज. काही ब्लूटूथ हेडफोनना स्वतःचा वेगळा आवाज असतो आणि फोनचा वेगळा. एकाच नळीवर दोन तोट्या असाव्यात तसे. हेडफोनचा आवाज पूर्ण आणि फोनचा अर्ध्यावर असेल, तर फोन स्वतःची पट्टी बघून 'सगळे ठीक' म्हणतो आणि कानात भलताच आवाज जातो. तपासणे सोपे आहे: हेडफोनवरचे बटण दाबा आणि फोनच्या पडद्यावरची पट्टी हलते का बघा. हलली तर दोन्ही आवाज जोडलेले आहेत. हलली नाही तर हेडफोनचा आवाज मध्यम ठेवून त्याला हात लावणे बंद करा आणि पुढे फक्त फोनवरून कमीजास्त करा.

अँड्रॉइडच्या 'डेव्हलपर ऑप्शन्स' या एरवी लपलेल्या यादीत 'डिसेबल अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम' नावाचे बटण आहे. ते ही जोडणी तोडते. अगदी खालच्या पायरीवरही आवाज मोठाच वाटतो, असा त्रास असेल तरच त्याला हात लावा, एरवी नको. आणि लावायचाच असेल तर हेडफोन कानातून काढून, फोनचा आवाज शून्यावर आणून, कारण बदलानंतर हेडफोनचा स्वतःचा आवाज पूर्ण असू शकतो. बदल केल्यावर हेडफोन तोडून पुन्हा जोडा.

वायरने जोडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला किंवा गाडीच्या ऑक्सला (वायर खुपसायच्या खाचेला) फोन हेडफोनच समजतो. जमत असेल तर ते यंत्र ब्लूटूथने जोडा आणि प्रकार नीट लिहा.

दुसरी पायरी: मर्यादा घाला

आयफोन: सेटिंग्ज, 'साउंड्स अँड हॅप्टिक्स', 'हेडफोन सेफ्टी', तिथे 'रिड्यूस लाउड ऑडिओ' चालू करून पट्टी सरकवा. ती 75 ते 100 डेसिबलपर्यंत जाते. सॅमसंग: 'साउंड्स अँड व्हायब्रेशन', 'व्हॉल्यूम', वरचे तीन ठिपके, 'मीडिया व्हॉल्यूम लिमिट'. सगळ्याच अँड्रॉइड फोनांत ही सोय नसते. तिथे हेडफोनच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये मर्यादा मिळते का बघा.

किती ठेवावी? रोज तासदीड तास ऐकत असाल तर 85 चालेल. त्या पातळीला आठवड्याला साडेबारा तास मिळतात, म्हणजे रोज पावणेदोन. दिवसभर कानात काहीतरी असतेच असे काम असेल तर 80, वाद नको. 100 वर ठेवलेली मर्यादा असून नसल्यासारखी. सॅमसंगवर डेसिबल दिसत नाहीत, म्हणून मर्यादा शांत खोलीत बसून ठरवा: बोलणे स्पष्ट ऐकू येईल तिथे पट्टी थांबवा आणि वर एक बोटही सोडू नका. गोंगाटात ठरवलेली मर्यादा हमखास जास्त निघते.

तिसरी पायरी: मुलांच्या फोनला कुलूप

75 ठेवा. आयफोनवर 'स्क्रीन टाइम'मधल्या निर्बंधांत मोठा आवाज कमी करण्याच्या सेटिंगमधले बदल नाकारता येतात, सॅमसंगवर मर्यादेलाच पिन लागतो.

चौथी पायरी: मोजणी बघत राहा

आयफोनच्या 'कंट्रोल सेंटर'मध्ये 'हिअरिंग'चे कानाचे चिन्ह घ्या. ऐकता ऐकता चालू पातळी दिसते. 80 च्या वर गेली की हिरव्याचे पिवळे होते. आठवड्याचा हिशेब 'हेल्थ' अ‍ॅपमध्ये. अ‍ॅपलच्या आणि बीट्सच्या हेडफोनवर हे आकडे जास्त अचूक असतात, इतरांच्या वायरच्या हेडफोनवर फोन स्वतःच्या आवाजावरून अंदाज बांधतो. फोनवरचे कॉल या मोजणीत येत नाहीत, म्हणून दिवसभर कॉलवर असणाऱ्यांनी आकडा कमी दिसतो यावर विसंबू नये.

अँड्रॉइडवर इशाऱ्याला 'ठीक आहे' म्हटल्यावरही काही दिवसांनी तो परत येतो. युरोपीय मानकात एकूण 20 तास ऐकून झाले की पुन्हा विचारावे असे ठरवले आहे, आणि अनेक फोन ते पाळतात. तो येऊ द्या.

आवाज कमी पडतो असे वाटत असेल तर

मर्यादेला दोष देण्याआधी इअरबड्सची रबरी टोपणे बदलून बघा. टोपण सैल असेल तर खालचे सूर गळतात, बाहेरचा गोंगाट आत येतो आणि हात आपोआप आवाजाकडे जातो. जाळीत मळ साचला असेल तर कोरड्या मऊ ब्रशने काढा. गोंगाट रोखणारे हेडफोन असतील तर ती सोय चालू करा. प्रवासात त्याने आवाज बराच खाली आणता येतो. हे सगळे करूनही पूर्वी पुरणारा आवाज आता पुरत नसेल, किंवा हेडफोन काढल्यावर कानात गुंई राहत असेल, तर सेटिंग्जशी खेळणे थांबवा आणि डॉक्टरांकडून कान तपासून घ्या.