भर उन्हाळ्यात तीन थरांची मूस ब्राउनी

मूस म्हणजे फेटलेल्या क्रीममध्ये चॉकलेट मिसळून केलेला हलका, मऊ गोड पदार्थ. त्याच्या पाककृतींत एक ओळ हमखास असते: ‘चॉकलेट वितळवा आणि घरातल्या तापमानाला येऊ द्या.’ ज्यानं कुणी ही ओळ पहिल्यांदा लिहिली, त्यानं मे महिन्यातलं लातूर पाहिलेलं नसणार. चॉकलेटमधलं कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, आणि दुपारी आमचा ओटा त्याच्या वर गेलेला असतो. चॉकलेट तिथं गार कशाला होईल?

पहिल्यांदा ही ब्राउनी केली ती भाच्याच्या वाढदिवसाला. भर दुपारी, कोमट ब्राउनीवरच मूस ओतला. फ्रीजमध्ये तो बसायच्या आतच वीज गेली. संध्याकाळी पोरांनी तो वाट्यांत घेऊन चमच्यानं खाल्ला आणि भाचा म्हणाला, ‘मावशी, बासुंदी मस्त झालीय.’ तेव्हापासून मी काम दोन वेळांत वाटते: ब्राउनी रात्री, मूस पहाटे पाचला. संध्याकाळपर्यंत तो घट्ट बसतो.

साहित्य ८ इंची चौकोनी टिनसाठी

ब्राउनी: डार्क चॉकलेट १२० ग्रॅम, बटर १०० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, अंडी २, मैदा ७५ ग्रॅम, कोको पावडर २ मोठे चमचे. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको.

मधला थर: डार्क चॉकलेट १०० ग्रॅम, साधं फ्रेश क्रीम ७५ मिली, भाजलेले शेंगदाणे पाऊण वाटी.

मूस: डार्क चॉकलेट १५० ग्रॅम, दूध ६० मिली, व्हिपिंग क्रीम २५० मिली.

अंडं चालत नसेल तर दोन अंड्यांऐवजी अर्धी वाटी घट्ट दही आणि अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर घ्या. चव थोडी बदलते, पण ब्राउनी ओलसर राहते. मूसमध्ये मात्र अंडं नाहीच. जुन्या फ्रेंच पद्धतीत कच्चं अंडं फेटून घालतात. आमच्या उन्हात मी त्या वाटेला जात नाही.

आता चॉकलेट. दुकानात स्वस्तात मिळते ती कंपाउंडची वीट. तिच्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तूप असतं, त्यामुळे ती उन्हाळ्यात टिकते, पण जिभेवर मेणासारखी लागते. ब्राउनीत ते कळत नाही, तिथं कंपाउंड खुशाल वापरा. मूसमध्ये लगेच कळतं. म्हणून मूसला मी खरं डार्क चॉकलेट घेते. फक्त मे महिन्यात निम्मं कंपाउंड मिसळते, म्हणजे ताटात वाढल्यावर जरा जास्त वेळ तग धरतो. उन्हाळ्यात चॉकलेटवर पांढरट डाग दिसले तर बुरशी समजून फेकू नका. वितळून पुन्हा गोठल्यानं चरबी वर आलेली असते. वितळवलं की डाग जातात.

रात्री: ब्राउनी

पातेल्यात दोन बोटं पाणी गरम करा, वर भांडं ठेवून चॉकलेट आणि बटर वितळवा. भांड्याचा तळ पाण्याला लागता कामा नये, आणि वाफेचा थेंबही आत पडू देऊ नका. एका थेंबानं चॉकलेट रवाळ होऊन गोळा होतं. झालंच तर गरम क्रीम चमचा-चमचा घालून ढवळा. सैल होतं, आणि ते मधल्या थराला चालतं. (पातेल्यातलं पाणी ओतून देऊ नका, उद्या सुरी गरम करायला लागेल. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे हे, सवय जात नाही.)

वितळलेल्यात साखर घाला, कोमट झालं की एकेक अंडं. फार फेटू नका. फेटल्यानं वर छान पापुद्रा येतो खरा, पण आपण तो झाकणारच आहोत आणि आपल्याला वरचा भाग सपाट हवाय. मैदा-कोको चाळून घाला, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. टिनला बटर पेपर लावताना दोन्ही बाजूंना चार बोटं बाहेर सोडा, नंतर धरून उचलायला.

ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आधी तापवून १७० अंशांवर २० ते २२ मिनिटं. टूथपिक स्वच्छ निघेपर्यंत भाजलीत तर ती ब्राउनी नाही, केक झाला. तिला ओलसर कण चिकटायला हवेत. मधे फुगली असेल तर गरम असतानाच वाटीच्या बुडानं हलकेच दाबा. इन्व्हर्टरवर ओटीजी चालत नाही, त्यामुळे विजेचा भरवसा नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड, घट्ट झाकण आणि मंद आच. त्यात ७ इंची गोल टिन बसतं. थर जाड होतो, म्हणून ४० मिनिटांनंतर तपासायला लागा.

ब्राउनी कूलरसमोर ठेवा. आमची हवा कोरडी, त्यामुळे कूलर इथं खरंच गार करतो. दोन तासांनी हात लावून बघा. जराही ऊब असेल तर पुढं जाऊ नका.

मग मधला थर. फ्रेश क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवा, बारीक केलेल्या चॉकलेटवर ओता, दोन मिनिटांनी ढवळा. शेंगदाणे सालं पाखडून जाडसर कुटून घाला. कूट करू नका, दाताखाली आले पाहिजेत. अक्रोड घालायची पद्धत आहे, पण उन्हाळ्यात आमच्याकडे मिळणारे अक्रोड बरेचदा खवट निघतात आणि भावही परवडत नाही. शेंगदाणा घरचा असतो. हे ब्राउनीवर पसरून टिन फ्रीजमध्ये ठेवा आणि झोपा.

पहाटे: मूस

साधं फ्रेश क्रीम इथं चालणार नाही. त्यात स्निग्धांश २५ टक्के असतो, आणि नीट फुगायला तिशीच्या वर लागतो. गोठवलेलं नॉन-डेअरी, म्हणजे दुधाचं नसलेलं, व्हिपिंग क्रीम घेतलं तर ते रात्रीच फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये काढा. ते आधीच गोड असतं, वरून साखर नको. भांडं आणि बीटरची पाती २० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. परातीत बर्फाचं पाणी घेऊन त्यात भांडं बसवा आणि फेटा. पाती उचलल्यावर क्रीमचं टोक उभं राहून जरासं वाकलं की बंद. पुढं फेटलंत तर नॉन-डेअरी क्रीम दाणेदार होतं, दुधाच्या क्रीमचं लोणी निघतं.

दूध-चॉकलेट एकत्र वितळवून घ्या. त्यात बोट बुडवून पाहा: ना गरम, ना गार लागलं पाहिजे. गरम असेल तर क्रीम वितळून पुन्हा बासुंदीच. फार गार असेल तर चॉकलेट क्रीममध्ये पडताच गोठून कण होतात. हा दुसरा घोटाळा मी जानेवारीत परभणीला बहिणीकडे केला, तिथल्या थंडीचा अंदाजच आला नाही. उन्हाळ्यात पहाटेही चॉकलेट कोमट होईना, तर भांडं माठातल्या पाण्यात मिनिटभर टेकवा आणि ढवळत राहा.

आधी एक पळीभर क्रीम चॉकलेटमध्ये नीट मिसळा, मग उरलेलं दोनदा, खालून वर घेत, हलक्या हातानं. मधल्या थरावर ओता, टिन ओट्यावर दोनदा आपटा, वर झाकण, आणि सहा तास फ्रीज. तेवढ्या वेळात वीज गेली तर दार उघडून बघू नका. सगळ्यात अवघड पायरी हीच.

बटर पेपर धरून उचला. सुरी गरम पाण्यात बुडवा, पुसा, सरळ खाली दाबून कापा; प्रत्येक कापानंतर पुन्हा हेच. करवतीसारखी चालवलीत तर तिन्ही थर एकमेकांत मिसळतात. सोळा तुकडे होतात, पण आमच्याकडे बारा करतात.

औशाला सासूबाईंकडे न्यायची तर मी तुकडे स्टीलच्या चपट्या डब्यात ठेवते, तो डबा बर्फ घातलेल्या मोठ्या डब्यात, आणि बाहेरून ओलं सुती फडकं. एसटीनं तासाभरात पोचते. डबा मात्र मांडीवर घ्यायचा. इंजिनाजवळची जागा मिळाली तर उठून मागं जायचं.