मॅक्झिमम एन्ट्रॉपीने आवर्तनं शोधताय? या चुका टाळा

मॅक्झिमम एन्ट्रॉपी ही आकड्यांच्या मालिकेतली आवर्तनं शोधायची, जॉन बर्ग यांनी 1967 मध्ये मांडलेली पद्धत. तिची मोहिनी अशी, की आकडे थोडे असले तरी ती आलेखात टोकदार शिखरं काढून देते; शिखर जिथे, तिथे आवर्तन. घोळ तिथेच होतो.

सगळ्यात महागात पडते ती ऑर्डर, म्हणजे पुढचा आकडा सांगायला मागचे किती आकडे धरायचे ती संख्या. वाढवली की आलेख देखणा दिसतो, म्हणून नवखे ती वाढवतच नेतात. एक विद्यार्थी पावसाचा आलेख घेऊन आला होता. शंभरेक वर्षांच्या वार्षिक नोंदी, ऑर्डर 60, आणि अकरा वर्षांच्या आसपास एकमेकांना खेटून दोन शिखरं. एक सौर डागांच्या साधारण अकरा वर्षांच्या चक्राचं, हे त्याने ठरवूनच टाकलं होतं. दुसऱ्यासाठी बिचाऱ्या गुरू ग्रहाला वेठीला धरलं होतं, कारण त्याची प्रदक्षिणा 11.86 वर्षांची! ऑर्डर 15 वर आणली, तर एक पसरट उंचवटा उरला. मग तेच आकडे पत्त्यांसारखे पिसायला लावले; क्रम मोडला, की खरं आवर्तन उरत नाही. 60 वर शिखरं तरीही हजर, फक्त जागा बदललेल्या. गुरू सुटला. थोडे आकडे आणि मोठी ऑर्डर असली, की एका खऱ्या आवर्तनाचीही दोन शिखरं होऊ शकतात; बर्गच्या पद्धतीचा हा जुना दोष आहे.

माझी सवय: लहान ऑर्डरपासून एकेक पायरी चढायची, आकड्यांच्या संख्येच्या एक तृतीयांशावर थांबायचं, आणि जे शिखर जागचं हलत नाही तेवढंच धरायचं. ऑर्डर निवडायचा अकाइकेचा संख्याशास्त्रीय निकष बघतो, पण त्याने दिलेली ऑर्डर डोळे मिटून घेत नाही. आकडे पिसून बघणं मात्र कधीच चुकवत नाही. पाच मिनिटांचं काम, तरी सगळ्यांना तेच टाळायचं असतं.

दुसरी खोड, उंचीवरून ताकद ठरवण्याची. शुद्ध साइन लहरीसाठी इथे शिखराची उंची ताकदीच्या वर्गाप्रमाणे वाढते. चौपट उंच शिखर म्हणजे दुप्पट ताकद. शिखराखालचं क्षेत्रफळ मोजा.

सरासरी आणि कल आधी वजा करा, नाहीतर शून्य वारंवारितेपाशी डोंगर उभा राहतो.

गाळलेली वर्षं सरासरीने भरू नका.

साधा एफएफटी (फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्म, वारंवारिता काढायची नेहमीची पद्धत) पडताळ्यासाठी शेजारी काढून ठेवा.

आणि दशांशांचा मोह आवरा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची अखिल भारतीय मान्सून पावसाची मालिका 1871 पासूनची, म्हणजे अकरा वर्षांची आवर्तनं त्यात तेरा-चौदाच बसतात. एवढ्यावर ‘11.37 वर्षं’ कशाच्या जोरावर छापता?