कोऱ्या चेकवरची खरी सही

एकतीस वर्षं मी बँकेत काढली, त्यातली बरीचशी क्लिअरिंगच्या, म्हणजे दुसऱ्या बँकांतून आलेले चेक तपासून वटवण्याच्या टेबलावर. त्यामुळे निवृत्तीनंतरही कुणाचं बँकेत काही अडलं की पाय माझ्या घराकडे वळतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीतले एक निवृत्त मास्तर आले. हातात पासबुक, चेहरा उतरलेला. "ताई, मी तर फक्त कॅन्सल चेक दिला होता हो."

झालं असं होतं. कमी व्याजाच्या कर्जाचा फोन आला आणि दुसऱ्या दिवशी एक तरुण फॉर्म घेऊन घरी हजर. मास्तरांनी चेकवर दोन तिरप्या रेघा मारल्या आणि 'कॅन्सल्ड' लिहिलं, पण त्या मुलानं पुढे केलेल्या पेनानं. मग तो म्हणाला, "काका, सही जुळवून बघतात, खाली सही करा." सहीसाठी मास्तरांनी सवयीनं खिशातलं स्वतःचं पेन काढलं. पहिल्या पेनातली शाई उडून जाणारी होती. मुलाच्या हातात राहिला तो मास्तरांची खरी सही असलेला कोरा चेक. तिसऱ्या दिवशी खात्यातून ४८,००० रुपये गेले. रक्कम पन्नास हजारांच्या आतली का, ते पुढे येईलच.

कॅन्सल चेकवर सही करायची नसते. खाते क्रमांक, आयएफएससी आणि तुमचं छापील नाव दिसावं, एवढंच त्याचं काम. रेघा आणि अक्षरं स्वतःच्या बॉलपेननं, कागदावर दाब उमटेल अशी काढा. समोरचा सहीसाठी अडून बसला तर चेक परत घ्या आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स द्या.

सहीवर मी एवढा जोर देते, त्याला कारण आहे. सही खोटी असेल तर कायदा खातेदाराच्या बाजूनं भक्कम उभा राहतो. कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या खटल्यात कंपनीच्याच हिशेबनिसानं ४२ चेकवर खोट्या सह्या केल्या होत्या. 'तुम्ही पासबुक वेळेवर तपासलं नाही' हा बँकेचा बचाव सर्वोच्च न्यायालयानं १९८७ साली मानला नाही. खोट्या सहीचा चेक म्हणजे खातेदाराचा आदेशच नव्हे, असं न्यायालयानं सांगितलं. पण सही खरी असेल, बाकीचा मजकूर दुसऱ्यानं भरला असेल आणि खाडाखोड डोळ्यांना दिसत नसेल, तर बँक 'आम्ही रीतसर पैसे दिले' म्हणते आणि १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा पुढे करते. मग खातेदाराला फार झगडावं लागतं. म्हणून सही सगळ्यात शेवटी करा. कोऱ्या चेकवर सही करून तो कपाटात ठेवायचा नाही, मुलाकडे नाही, हिशेबनिसाकडेही नाही.

चेक भरताना मोकळी जागा राहू देऊ नका. नाव डाव्या कडेला चिकटून सुरू करा आणि संपलं की उरलेल्या जागेत रेघ ओढा. अक्षरी रकमेचंही तसंच. 'नऊ हजार'च्या आधी बोटभर जागा सुटली की तिथे 'एक लाख' सहज बसतं, आणि आकड्यात ९,००० च्या आधी १ आणि ० आले की झाले १,०९,०००. शेवटी 'फक्त' लिहा. नाव नुसतं 'एलआयसी' असं तोडकं लिहू नका. पूर्ण नाव आणि पुढे पॉलिसी क्रमांक लिहा. डाव्या कोपऱ्यात दोन रेघांमध्ये 'अकाउंट पेयी' (पैसे फक्त खात्यातच जमा) लिहा आणि छापलेला 'बेअरर' (चेक घेऊन येणारा) शब्द खोडा. लिहिताना चूक झाली तर तो चेक फाडून नवा लिहा. तारखेखेरीज दुसरी दुरुस्ती असलेला चेक आता क्लिअरिंगमध्ये चालत नाही.

दुसरा प्रकार मला जास्त अस्वस्थ करतो. चेकबुक घरात कुलपात असतं आणि तरी पैसे जातात. तुमच्या एका चेकच्या फोटोवरून खाते क्रमांक, खालची चुंबकीय शाईतली पट्टी आणि सहीचा नमुना मिळतो, आणि त्यावरून बनावट चेक छापला जातो. पूर्वी मूळ कागद माझ्या टेबलावर यायचा. तो उजेडात धरला की 'सीटीएस इंडिया' हा जलचिन्हातला मजकूर दिसायचा, यूव्ही दिव्याखाली बँकेचं बोधचिन्ह चमकायचं. २०१३ मध्ये मुंबईत चेक ट्रंकेशन, म्हणजे कागदाऐवजी चेकचं चित्र पाठवण्याची पद्धत आली आणि कागद जिथे भरला त्या बँकेतच थांबू लागला. माझ्यापुढे फक्त चित्र. चित्राला बोट लावून काय कळणार? तेव्हा चेकचा फोटो व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवू नका. नवं चेकबुक आलं की पानं मोजा. चोर मधलं किंवा शेवटचं पान काढतात, म्हणजे महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही.

या बनावट चेकवरचा खरा उतारा म्हणजे १ जानेवारी २०२१ पासून सुरू झालेली पॉझिटिव्ह पे. चेक देण्याआधी त्याचा क्रमांक, तारीख, घेणाऱ्याचं नाव आणि रक्कम ॲपवर किंवा शाखेत कळवायची. चेक आला की बँक ती ताडून बघते. ५०,००० आणि त्यावरच्या रकमेला ही सोय आहे. पाच लाखांपासून पुढे बँक ती सक्तीची करू शकते, पण सक्तीची वाट बघू नका. आता कळलं असेल, त्या मुलानं ४८,००० च का लिहिले.

मोबाइल क्रमांक बँकेत अद्ययावत ठेवा आणि चेक क्लिअरिंगला आल्याचा मेसेज लगेच वाचा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून दिवसा क्लिअरिंगला आलेला चेक त्याच दिवशी संध्याकाळी सातच्या आत पास होतो किंवा परत जातो. पूर्वी एक रात्र हातात असायची, ती आता नाही. फोनची रेंज अचानक गेली आणि येईना, तर मेसेज तुमच्यापर्यंत पोचू नये म्हणून कुणी तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलेलं असू शकतं. दुसऱ्याच्या फोनवरून आधी बँकेला कळवा.

आणि कुणी ठरल्यापेक्षा मोठ्या रकमेचा चेक देऊन 'जास्तीचे पैसे परत करा' म्हणालं, तर चेक वटल्याची शाखेतून खात्री होईपर्यंत एक रुपया देऊ नका, मालही सोडू नका.

तरीही फसगत झालीच, तर उरलेल्या पानांना त्याच तासाला स्टॉप पेमेंट लावा, म्हणजे ते चेक वटवू नका असं बँकेला कळवा. तीन दिवसांत कळवलं तर पैसे परत, असं बरेच जण ऐकून असतात. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा तो नियम इलेक्ट्रॉनिक व्यवहारांचा आहे, चेकचा नाही. म्हणून लेखी अर्ज लागतोच. मास्तरांच्या अर्जात आम्ही चेकचा क्रमांक आणि तारीख लिहिली, चेकच्या दोन्ही बाजूंची प्रत मागितली, पैसे घेतले त्या वेळचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवायला सांगितलं आणि पोलीस तक्रारीची प्रत जोडली. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ठेवून जा, साहेब बघतील." मास्तर उठायला लागले. मी त्यांना बसवलं, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोचेचा शिक्का पडल्यावरच आम्ही बाहेर पडलो.