शाळेचं चार पानी वार्तापत्र : नोंदवहीपासून घराच्या दारापर्यंत

शाळेचं वार्तापत्र काढायचं ठरलं की पहिली बैठक नाव काय ठेवायचं आणि पहिल्या पानावर कोणाचा फोटो टाकायचा यातच संपते. या दोन्ही गोष्टी मागाहून ठरल्या तरी काही बिघडत नाही. आधी ठरवायचं ते हे, की कार्यक्रम झाला त्या दिवशी त्याची नोंद कोण करणार. वार्तापत्रं बंद पडतात ती पैशाअभावी कमी, आणि या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे जास्त. महिनाअखेरीला ‘उंच उडीत दुसरी कोण आली होती हो?’ असं विचारत संपादकाला स्टाफरूममध्ये फिरावं लागलं की तिसरा अंक निघत नाही.

खाली दिलेली पद्धत बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या तीनशे ते आठशे पटाच्या विनाअनुदानित शाळेला झेपेल अशी आहे. माध्यम मराठी असो की इंग्रजी, बहुतेक घरांत मराठी वाचली जाते, काही घरांत कन्नड, आणि बऱ्याच घरांत दोन्ही, हे गृहीत धरलं आहे.

नोंदवही

दोनशे पानांची एक फुलस्केप वही ऑफिसात, हजेरीपटांशेजारी ठेवा. कोणा शिक्षकाच्या ड्रॉवरमध्ये नको, कारण ते रजेवर गेले की वहीही रजेवर. एका कार्यक्रमाला एक पान. पानावर तारीख आणि वार, काय झालं, कोणत्या इयत्ता, मुलं किती, विजेत्यांची पूर्ण नावं, आणि निकाल किंवा ठराव. शेवटी एक ओळ मोकळी सोडायची. त्या दिवशी एखादं मूल किंवा पालक जे बोललं, ते जसंच्या तसं तिथे उतरवायचं. अंकात जीव येतो तो याच ओळीमुळे.

नोंद करायची ती कार्यक्रम ज्यांच्याकडे सोपवला होता त्या शिक्षकांनी, शाळा सुटायच्या आत. संपादकाने फक्त सही पाहायची. आठवी-नववीतले चार बातमीदार नेमले तर फार उपयोग होतो, पण त्यांना ‘बातमी लिहून आणा’ असं सांगू नका. ‘मोजून आणा’ सांगा : किती झाडं लावली, किती जगली, रांगोळीला किती गट होते. मुलं मोजतात छान. लिहायला बसवलं की ती भाषण लिहितात.

नावं

पालक अंक हातात घेतात आणि पहिल्यांदा आपल्या मुलाचं नाव शोधतात. ते चुकलं तर बाकीची चार पानं वाया. आपल्याकडे ही चूक बहुधा इंग्रजी यादीवरून नावं उतरवल्यामुळे होते. इंग्रजीत ल आणि ळ, न आणि ण, ट आणि त एकाच अक्षराने लिहिले जातात, त्यामुळे मंडोळकर आणि मंडोलकर सारखेच दिसतात आणि टाईप करणारा अंदाजाने ठोकून देतो. दाखल रजिस्टरात मराठीत नाव असेल तर उत्तमच. नसेल तर कन्नड यादी समोर ठेवा, कारण कन्नडमध्ये ही सगळी अक्षरं वेगवेगळी आहेत. कन्नड वाचणारी शिक्षिका दहा मिनिटांत यादी तपासून देते. ऱ्हस्व-दीर्घाचा वाद उरला तर मुलालाच विचारा, आणि त्याने लिहून दिलेली चिठ्ठी नोंदवहीत चिकटवून ठेवा.

अहवालाची बातमी करणं

शिक्षकांकडून येणारा मजकूर साधारण असा असतो :

‘आमच्या शाळेत दि. १२ रोजी विज्ञान प्रदर्शन मोठ्या उत्साहात संपन्न झाले. अध्यक्षस्थानी संस्थेचे अध्यक्ष होते. मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन व फोटोपूजन करण्यात आले. स्वागत व प्रास्ताविक मुख्याध्यापकांनी केले. प्रमुख पाहुण्यांनी मौलिक मार्गदर्शन केले. शेवटी आभारप्रदर्शन झाले. कार्यक्रमाला शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी व विद्यार्थी बहुसंख्येने उपस्थित होते.’

विज्ञान प्रदर्शनाच्या जागी हळदीकुंकू घातलं तरी यातला एक शब्दही बदलावा लागत नाही. म्हणजे यात बातमी नाही. शिक्षकांना परत पाठवू नका, ते दुखावतात. तीन गोष्टी विचारा. सर्वांत जास्त गर्दी कुठे होती? ते कोणी, कशापासून बनवलं? पुढे काय होणार? उत्तरं आली की नमुना असा होतो :

‘विज्ञान प्रदर्शनात पाचवी ते नववीच्या मुलांनी ३८ प्रतिकृती मांडल्या. सगळ्यात जास्त गर्दी होती ती भाताच्या तुसावर चालणाऱ्या चुलीपुढे. आठवीच्या तिघींनी ती तेलाच्या रिकाम्या डब्यातून बनवली आहे. दोन लिटर पाणी उकळायला किती तूस लागतो, हे त्या येणाऱ्या प्रत्येकाला वजनकाट्यावर दाखवत होत्या. या गटाची निवड तालुका प्रदर्शनासाठी झाली आहे.’

लांबी जवळपास तेवढीच. फक्त पहिल्यात माणसं स्टेजवर होती, दुसऱ्यात ती टेबलापाशी आली.

आता पाहुण्यांचं काय? त्यांना वगळलं तर संस्थेच्या पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न तोच येतो, आणि तो गैरही नाही. त्यावर साधा उपाय आहे. शेवटच्या पानावर ‘या महिन्यात शाळेत आलेले पाहुणे’ अशी कायमची चौकट ठेवा : नाव, हुद्दा, तारीख, निमित्त. देणगीदारांचीही तिथेच, वस्तू किंवा रक्कम लिहून. चौकट दर अंकात ठरलेल्या जागी दिसली की कोणी रुसत नाही आणि बातम्या मोकळ्या होतात.

‘मोठ्या उत्साहात’, ‘संपन्न’, ‘मौलिक’, ‘बहुसंख्येने’ हे शब्द दिसतील तिथे खोडून त्या जागी आकडा किंवा वस्तू घाला. सापडली नाही तर वाक्यच काढा.

पानांची वाटणी

ए-थ्री कागद मधे दुमडला की ए-फोरची चार पानं होतात. स्टेपल लागत नाही आणि वाटप सोपं. बाहेरच्या बाजूला चौथं आणि पहिलं पान शेजारी येतं, आत दुसरं-तिसरं. १२ पॉइंट अक्षरात, दोन रकान्यांत, फोटोशिवाय एका पानावर साधारण साडेचारशे शब्द बसतात. एक मोठा फोटो घातला की तीनशे. अख्ख्या अंकाचा मजकूर बाराशे-तेराशे शब्दांवर जाऊ देऊ नका.

पहिल्या पानावर एकच मोठी बातमी. दुसऱ्यावर वर्गावर्गांतल्या तीन-चार ओळींच्या बातम्या, पालकसभेत काय ठरलं ते, आणि तळाशी ‘दुरुस्ती’ची जागा. मागच्या अंकातली चूक इथे सरळ छापायची, सबब न सांगता. पालकसभेची बातमी लिहिताना तक्रारी मोजत बसू नका. ठरलं काय आणि ते कधीपासून, एवढंच घ्या. ‘टेम्पोच्या वेळेबाबत चर्चा झाली’ यातून कोणाला काही कळत नाही. ‘सोमवारपासून येळ्ळूरचा टेम्पो पंधरा मिनिटं आधी निघेल’ यातून कळतं. तिसऱ्या पानावर मुलांचं लेखन. चौथ्यावर स्पर्धा, पाहुणे आणि खालच्या अर्ध्या भागात पुढच्या महिन्याच्या तारखा.

तारखांचा हा भाग लोक कापून दारामागे चिकटवतात. त्यामुळे तिसऱ्या पानाच्या खालच्या अर्ध्यात कोणा मुलाची कविता टाकू नका, ती कात्रीखाली जाते. तिथे कोडं किंवा शाळेच्या वेळा घाला.

महिन्यांचा अंदाज

मजकुराचं पीक वर्षभर सारखं येत नाही. जूनमध्ये प्रवेश आणि नवे शिक्षक. जुलैचा अंक सगळ्यात कृश, कारण खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडे पाऊस लागला की सुट्ट्या जाहीर होतात. आषाढीची बालदिंडी हाताशी ठेवा आणि उरलेल्या जागेत सुट्टी कशी कळवली जाईल ते छापा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्रीडास्पर्धा आणि प्रतिभा कारंजी (सरकारी कलागुण स्पर्धा) एकदमच येतात. इथे निकालापुढे पातळी लिहायलाच हवी : क्लस्टर (आसपासच्या शाळांचा गट), तालुका की जिल्हा. आणि ‘जिल्हा’ म्हणजे शैक्षणिक जिल्हा. महसुलाच्या एका बेळगाव जिल्ह्यात बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत, त्यामुळे निपाणीच्या शाळेने नुसतं ‘जिल्ह्यात पहिली’ छापलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

ऑक्टोबरात दसऱ्याची सुट्टी. तो अंक सप्टेंबरअखेरीलाच जोडून काढावा. डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन असेल तर महामार्गाच्या बाजूने येणाऱ्या गाड्यांच्या वेळा बदलतात, तारखांच्या चौकटीत त्याची एक ओळ हवी. हिवाळ्यात गावोगावची साहित्य संमेलनं सुरू होतात. ग्रंथदिंडीत लेझीम खेळायला मुलं जातात, तेव्हा संमेलनातल्या भाषणांची बातमी वर्तमानपत्रांवर सोडा. आपल्या मुलांनी काय सादर केलं, कोणत्या पुस्तकाच्या स्टॉलवर ती रेंगाळली, ते घ्या. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, मग एसएसएलसी, म्हणजे दहावीची परीक्षा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा मिटते, म्हणून शेवटचा अंक मार्चअखेरीला. वर्षात आठ अंक पुरेत. बारा जाहीर करून सात काढण्यापेक्षा आठ जाहीर करून आठ काढावेत.

फोटो आणि परवानगी

शाल-श्रीफळाचा फोटो अंकात एकच, तोही दोन रकान्यांपेक्षा लहान. बाकी फोटोत हात काहीतरी करताना दिसले पाहिजेत. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आक्रसून येतो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची. छपाईला इंचाला ३०० धरले तर तो पाच इंचांपर्यंतच स्वच्छ छापतो. पहिल्या पानाचा फोटो म्हणून ‘डॉक्युमेंट’ करूनच मागवा.

प्रवेशअर्जासोबत परवानगीचा वेगळा कागद घ्या आणि त्यात तीन स्वतंत्र रकाने ठेवा : छापील अंक, पालकांचा ग्रुप, सर्वांना खुलं इंटरनेट. अनेक पालक पहिल्याला होय म्हणतात आणि तिसऱ्याला नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच आहे आणि संमती पालकांची लागते. मुलाचं पूर्ण नाव, गाव आणि तो उतरतो तो थांबा एकाच बातमीत येऊ देऊ नका. फीची थकबाकी, शिस्तभंग, कोणाच्या घरची अडचण, हे अंकात कधीच नाही. एखादं मूल गुन्ह्याच्या प्रकरणात पीडित, साक्षीदार किंवा आरोपी असेल तर बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे त्याचं नावच काय, शाळेचं नावही छापता येत नाही. शिक्षकांनी सहानुभूतीने लिहिलेल्या चार ओळीही इथे चालत नाहीत.

कन्नड मजकूर, फॉन्ट आणि प्रेस

सगळा अंक दोन भाषांत काढायचा हट्ट धरला तर तो आठ पानांचा होतो आणि थांबतो. तारखांची चौकट, फीच्या सूचना आणि टेम्पो-बसच्या वेळा मात्र दोन्ही भाषांत द्या. कन्नड मजकूर कन्नडच्या शिक्षकांकडून थेट लिहून घ्या. मोबाईलवर भाषांतर केलेल्या सूचनेत ‘सकाळची शाळा’सारखी साधी गोष्टही वेडीवाकडी होते. कन्नडची जोडाक्षरं ओळीखाली लोंबतात, म्हणून ११ पॉइंट अक्षराला ओळींत १७ पॉइंटचं अंतर ठेवा, नाहीतर वरची ओळ खालच्या ओळीत अडकते.

मजकूर युनिकोडमध्येच टाईप करा. अनेक प्रेसमध्ये मांडणी जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये होते, आणि रूपांतर करताना ठरावीक जागी मोडतोड होते : ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य, ‘ॲथलेटिक्स’ मधला ॲ. नुडी या कन्नड सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं कन्नड दुसऱ्या कॉम्प्युटरवर फॉन्टशिवाय उघडलं की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. उपाय एकच : मांडणी शाळेतच करून फॉन्टसह पीडीएफ द्यायची, किंवा कोरलड्रॉची फाईल असेल तर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार बनवून. कडेला तीन मिलीमीटर ब्लीड, म्हणजे कापणीत जाणारा जादा भाग, सोडा.

तीनशे-चारशे प्रती एकरंगी हव्या असतील तर रिझोवर (स्टेन्सिलने छापणाऱ्या यंत्रावर) काम स्वस्तात होतं, पण त्यावर फोटो जाड येतात. हजाराच्या आसपास गेलात की ऑफसेट. कागद ८० किंवा ९० जीएसएमचा मॅपलिथो. त्याहून पातळ कागदावर मागच्या पानाचा फोटो पुढे उमटतो. दर विचारताना ५००, ७५० आणि १००० असे तिन्ही आकडे एकदम विचारा. श्रावणापासून प्रेसवाल्यांकडे गणेशोत्सव मंडळांची पावतीपुस्तकं चढतात आणि लग्नसराईत पत्रिका. त्या दिवसांत आठवडाभर आधी जागा धरून ठेवा, आणि हेस्कॉमने (वीज कंपनीने) वीज बंद ठेवायचा वार जाहीर केला आहे का तेही पाहा.

वेळापत्रक आणि प्रूफ

वाटप शनिवारी. सकाळची शाळा असते, अंक दप्तरात चुरगळण्याआधी दुपारपर्यंत घरी पोचतो. तिथून उलटं मोजा. बुधवारी सकाळी फाईल प्रेसला. मंगळवारी शेवटचं प्रूफ, सोमवारी पहिलं. आधीच्या शुक्रवारी-शनिवारी मांडणी. त्याही आधीच्या सोमवारी नोंदवही बंद. त्यानंतरचं सगळं पुढच्या अंकात, मग बातमी कोणाचीही असो.

प्रूफ स्क्रीनवर वाचू नका, कागदावर काढा. एकाने मूळ यादीतून नावं मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने कागदावर खूण करायची. दुसऱ्या फेरीत फक्त तारखा आणि वार, शेजारी कालनिर्णय उघडून. १४ तारीख शुक्रवारी छापली आणि होती शनिवारी, तर अर्धे पालक एक दिवस आधी दारात. भाषेची फेरी सगळ्यात शेवटी. कन्नड चौकटीवर कन्नडच्या शिक्षकांची सही असल्याशिवाय फाईल सोडायची नाही.

प्रती मोजताना पटाप्रमाणे नको, घरांप्रमाणे मोजा. भावंडं असली की एकच. त्यात चाळीस जादा धरा : संस्था, शिक्षक, पाहुण्यांच्या चौकटीतली नावं, गावचं वाचनालय आणि ऑफिसातली फाईल. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवाल तेव्हा ती दोन एमबीच्या आत ठेवा आणि तारखांची चौकट वेगळा फोटो म्हणून टाका. पीडीएफ उघडायचा कंटाळा करणारे पालकही फोटो पाहतात.