घरच्या घरी मोटारसायकलचं मागचं चाक काढताना

पंक्चरचं दुकान शेजारच्या गावात, आणि आंगणात काळी माती. डबल स्टँड लावला की पाय मातीत फसतात, चाक जमिनीला टेकतं आणि मडगार्डखालून निघत नाही. जॅकची गरज नाही, इंचभर जाडीची रुंद फळी पुरते.

१. गाडी दोन्ही चाकांवर उभी असतानाच एक्सलचा नट सैल करा. स्टँडवर चढवल्यावर पान्याला जोर दिला तर गाडी पुढे सरकते.

२. डबल स्टँडचे दोन्ही पाय बसतील अशी फळी खाली सरकवा आणि गाडी वर ओढा. फळीने उंची वाढते, म्हणून मागून कॅरिअर उचलायला घरातलं कोणी घ्याच.

३. पुढचा ब्रेक दाबून लिव्हर जुन्या ट्यूबच्या पट्टीने मुठीला आवळून बांधा. हे सगळ्यात महत्त्वाचं. मागचं चाक निघाल्यावर गिअरचा काही उपयोग नसतो, गाडीला पुढे सरकू न देणारा हा एकच ब्रेक उरतो.

पुढचं चाक काढायचं असेल तर सीटच्या मागच्या टोकाला धान्याचं पोतं बांधा, पुढचा भाग आपोआप वर येतो. डिस्क ब्रेक असेल तर पुढचं चाक बाहेर असताना पुढच्या ब्रेकचा लिव्हर अजिबात दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतात. गाडीजवळ लेकरं फिरकू देऊ नका.