दिवाळीत घरात एकटेच असाल तर नवीन गाणी अशी ऐका

आई जूनमधे गेली, त्यामुळे २०२५ ची दिवाळी ही तिच्याशिवायची पहिली. आमच्यात वर्षभर सण धरत नाहीत, तळण करत नाहीत, म्हणून घरात ना बेसन भाजल्याचा वास ना सोऱ्या डब्यातून बाहेर निघाला. शेजारच्या काकूंनी फराळाचं ताट आणून दिलं ते वरून पेपर झाकून तसंच ओट्यावर पडून. भाऊ सुरतला असतो, भाऊबीजेला सकाळी आला आणि संध्याकाळच्या गाडीने गेला पण, कारण पोरांना घेऊन सासरवाडीला जायचं होतं त्याला, मग अमळनेरच्या त्या घरात मी एकटी. त्या आठवड्यात मला जे सापडलं ते सांगते, कारण दरवर्षी कुणाची ना कुणाची अशी दिवाळी असतेच, कुणाला सुट्टी मिळत नाही, कुणाचं गाव लांब, कुणाचं माणूस गेलेलं.

सगळ्यात आधी, जुनी गाणी थोडे दिवस बाजूला ठेवा. मी इथेच चुकले. नरकचतुर्दशीला पहाटे जाग आली आणि सवयीने दरवर्षीची भक्तिगीतं लावली. आमच्याकडे त्या वेळी आकाशवाणी जळगाव लागलेलं असायचं आणि आई काम करता करता सोबत म्हणायची, एका ओळीला ती दरवेळी जास्तच वर जायची आणि मग स्वतःच हसायची. गाणं त्या ओळीवर आलं, माझे हात कणकेत, मोबाईल बंद पण करता येईना. जुन्या गाण्यांमधे आपली माणसं राहत असतात हो, त्या दिवसांत ती भेटली की आधार कमी वाटतो आणि कालवाकालव जास्त होते. नवीन गाण्यात अजून कोणीच राहायला आलेलं नसतं. म्हणून ते ऐकवतं.

आता वार ठरवा. शुक्रवार. १० जुलै २०१५ पासून जगभरात नवीन अल्बम शुक्रवारी काढायचे असं ठरलंय, त्याआधी अमेरिकेत मंगळवारी यायचे आणि इंग्लंडमधे सोमवारी. म्हणजे गुरुवारी रात्री बारा वाजले की ढीगभर नवीन गाणी एकदम उघडतात. हिंदी सिनेमाची आणि आपली मराठी गाणी कोणत्याही वारी येतात हे खरंय, पण वाट बघायला एक ठरलेला वार असला की आठवड्याला खुंटी मिळते. आई सांगायची, तिच्या लहानपणी बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची आणि गल्लीत ज्याच्याकडे रेडिओ त्याच्या ओट्यावर सगळे जमायचे. तसंच हे, फक्त ओटा आपला आपण.

आणि बघा, २०२५ ला भाऊबीज आली २३ ऑक्टोबरला, गुरुवारी. म्हणजे पाहुणे परत गेले, बाहेरच्या लाईटच्या माळा तेवढ्या चालू, घरात काही आवाज नाही, नेमकी त्याच रात्री बाराला नवीन गाणी आली. मी मुद्दाम थांबले नव्हते, झोपच येत नव्हती. पहिलं गाणं नाही आवडलं, दुसरं अर्ध्यात बंद केलं, तिसऱ्यात गाणं सुरू व्हायच्या आधी त्या गाणारीने श्वास घेतला तो कानात स्पष्ट ऐकू आला. चार महिन्यांत त्या घरात रात्री माझ्याशिवाय कोणी श्वास घेतलेला मी ऐकला नव्हता. ते गाणं मी चार वेळा लावलं आणि ताटावरचा पेपर बाजूला करून एक करंजी खाल्ली.

तयारी काय करायची तर आवडीचे दहाएक गाणारे निवडा आणि त्यांना फॉलो करा. स्पॉटिफायवर रिलीज रडार नावाची प्लेलिस्ट असते ती दर शुक्रवारी बदलते आणि तुम्ही ज्यांना ऐकता, फॉलो करता त्यांचं नवीन त्यात येतं. युट्यूबवर चॅनल सबस्क्राईब करून घंटी दाबून ठेवा. हे दिवाळीच्या आधीच करा, त्या दिवशी मन जड असताना सेटिंग बघायचा पण कंटाळा येतो. दहापेक्षा जास्त नको, नाहीतर नोटिफिकेशनचा पाऊस पडतो आणि एकही गाणं धड ऐकलं जात नाही.

ऐकताना एक गाणं पहिल्यांदा पूर्ण ऐका. मधे व्हॉट्सॲप नाही, कारण तिथे सगळ्यांचे कुटुंबासोबतचे फोटो असतात आणि मग गाणं राहतं बाजूला. हाताला काम ठेवा, मेथी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला, काहीही, नुसतं बसून ऐकलं तर डोकं भलतीकडे जातं. आवडलं नाही तर सोडा, त्यात काही नाही, दहातलं एक लागलं तरी खूप झालं.

अहिराणी गाणी विसरू नका, हे मी अगदी मनापासून सांगते. आपल्याकडे तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई लागते आणि हळदीला, वरातीला बँडवाल्यांना, डीजेवाल्यांना नवीन गाणं लागतंच, म्हणून या दिवसांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडचे पोरं बरंच काही नवीन टाकत असतात. काही गाण्यांना कोटीच्या वर व्ह्यूज गेलेत. शब्द साधे असतात, चाल नाचायची असते, रडायला जागाच देत नाहीत ती गाणी. आणि घरात जी भाषा बोलणारं माणूस गेलंय ती भाषा नवीन आवाजात ऐकू येते, हे किती बरं वाटतं ते मला नीट सांगता यायचं नाही. कधी युट्यूबवर प्रीमियर असतो, घड्याळ उलटं चालतं आणि गाणं सगळ्यांना एकाच वेळी दिसतं, तो चुकवू नका, त्या मिनिटाला आपल्यासारखे बरेच जण मोबाईल धरून बसलेले असतात.

मग आवडलेलं एक गाणं एकाच माणसाला पाठवा. ग्रुपवर नाही, ग्रुपवर टाकलं की अंगठा येतो आणि संपलं. मी भावाला ते श्वासवालं गाणं पाठवलं आणि सोबत व्हॉईस मेसेज, "दुसरं कडवं ऐक". त्याने रात्रीच ऐकलं, सकाळी एक अहिराणी गाणं उलट पाठवलं आणि मग फोनच केला, पहिलं वाक्य "जेवन व्हयनं का?" हे आईचं वाक्य. आम्ही दोघं पण थोडा वेळ गप्प झालो, मग तो गाण्यातल्या ढोलकीबद्दल बोलायला लागला.

एक काळजी घ्या. ऑटोप्ले बंद ठेवा, कारण एक हळवं गाणं ऐकलं की ते ॲप पुढे तसलीच लावत जातं आणि रात्रीचे दोन कधी वाजले कळत नाही. एक वाजता इअरफोन काढायचे म्हणजे काढायचे. आणि गाणी ऐकून पण छातीवरचं ओझं हलत नसेल, झोप नाही, जेवण जात नाही असं दिवस दिवस चाललं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ नंबर, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. गाण्याकडून होईल तेवढंच गाण्यावर सोपवा.

अजून एक, साधी वही घ्या. तारीख, गाणं, आणि ऐकताना घरात काय चाललं होतं ते एक ओळ. माझ्या वहीत पहिल्या पानावर लिहिलंय, "२४ ऑक्टोबर, रात्री साडेबारा, करंजी खाल्ली." पुढे कधी जुनी गाणी परत लावावीशी वाटली की लावा, मला फेब्रुवारी उजाडला.

काकूंचं ताट रिकामं कसं परत द्यायचं म्हणून त्यात थोडी साखर ठेवून शनिवारी दुपारी गेले. काकू एकट्याच बसल्या होत्या, त्यांची पोरं पण आदल्या दिवशी पुण्याला परत गेलेली. बोलायला काही सुचेना म्हणून मी मोबाईल काढला आणि भावाने पाठवलेलं गाणं लावलं. काकूंनी टीव्हीचा आवाज बंद केला, पूर्ण ऐकलं, आणि म्हणाल्या, "परत एकदाव लाव व."