कोकणातले किल्ले बघायचे तर आधी तिथी बघा

अलिबागला जायचं ठरलं की लोक हॉटेल बघतात, बोटीचं तिकीट बघतात आणि भरतीची वेळ किनाऱ्यावर पोचल्यावर विचारतात. तोवर ओहोटीलाच चालत जाता येतं अशा कुलाबा किल्ल्याभोवती पाणी आलेलं असतं आणि किल्ला लांबून बघून परत यावं लागतं. म्हणून हे लिहितेय.

हिशोब सोपा आहे, आपल्याकडे दर्यावर जाणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या तोच करतात. कालनिर्णयमध्ये तिथी बघा, तिच्या आकड्याला तीनने गुणा, चारने भागा, जे येईल तेवढ्या वाजता साधारण पूर्ण भरती. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. पहाटेही आणि दुपारीही. त्यात सहा तास मिळवा, सकाळी पावणेदहा-दहाला पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच.

आता यात एक मेख आहे. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, ओहोटीला पाणी खूप मागे हटतं खरं पण ती ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास येते, आणि अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते पण तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, पाणी पुरतं हटतच नाही. त्यामुळे कुलाब्याला चालत जायला माझ्या मते सगळ्यात बेस्ट म्हणजे तृतीया ते पंचमी. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान ओहोटी, ऊनही बेताचं. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघायचं आणि ओहोटी झाल्यावर तासाभरात परत फिरायचं. तरीही निघताना किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला एकदा विचाराच, वाऱ्यापावसाने वेळ पुढेमागे होते.

मी एकदा मावशीला घेऊन गेले होते. देवळात बसलो, गप्पांत वेळ गेला, बाहेर आलो तर एक गाडीवाला लांबूनच हात करत होता, "ताई, पाणी फिरलं, चला लवकर!" अर्ध्या वाटेवर पाणी गुडघ्याच्या वर आलं, मावशीचा हात मी घट्ट धरून ठेवला होता. तेव्हापासून आत शिरताना मोबाईलवर अलार्म लावते, तुम्हीही लावा. आणि अनवाणी जाऊ नका, खडपावर म्हणजे खडकांवर कालवं, धारदार शिंपले, चिकटलेली असतात, तळवा सरळ कापला जातो. मागे पट्टा असलेली सँडल घाला.

आत गेलात की तटाजवळ उभं राहून चिरे नीट बघा. मोठमोठे दगड चुना न घालता नुसते एकावर एक रचलेत, लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिथेच त्याचा जोर जिरतो. १७५९ सालचं राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, गणपतीसोबत देवी, शंकर, विष्णू, सूर्य असं पंचायतन. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत, सगळे तिथे "कान्होजींच्या तोफा" म्हणून फोटो काढतात. तोफेवरची अक्षरं वाचा हो! इंग्लंडातल्या यॉर्कशायरचा कारखाना आणि साल १८४९. मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे गेले १७२९ ला. एकशे वीस वर्षांनंतरच्या तोफा त्यांच्या नावावर खपवल्या जातात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे आणि तिथे फार कमी लोक जातात. परतताना पाच मिनिटं तिथे थांबा.

त्याच दिवशी दुपारनंतर रेवदंडा आणि कोर्लई करा, दोन्हीकडे भरतीची चिंता नाही. रेवदंड्याला पोर्तुगीजांच्या चर्चचे अवशेष नारळी-पोफळीत उभे आहेत. कोर्लईला दीपस्तंभापाशी गाडी लावून वर चढा, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कुंडलिकेची खाडी. खालच्या गावात पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली आजही बोलतात, कानावर पडली तर ऐका, पण न विचारता कुणाचं शूटिंग करू नका.

जंजिऱ्याला चालत जाता येत नाही, राजपुरीहून होडी. सकाळची पहिली होडी धरा, दुपारी वारा वाढला की होडीतून पायरीवर उतरताना म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. नावाडी वेळ कमी देतात, तेव्हा सगळे कलालबांगडी या मोठ्या तोफेकडे धावतात, तुम्ही आधी दरवाजाशी थांबून पंजात हत्ती पकडलेल्या वाघासारख्या प्राण्याचं शिल्प बघा. सिंधुदुर्गलाही होडीच, मालवणहून. पायात शिसं ओतून १६६४ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला, आणि खाऱ्या पाण्याच्या मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. पावसाळ्यात होड्या बंद, जून ते ऑगस्ट प्लॅन करूच नका.

भर उन्हाची वेळ राजवाड्यांसाठी ठेवा. रत्नागिरीचा थिबा पॅलेस १९१० चा, इंग्रजांनी कैदेत ठेवलेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजासाठी त्यांनीच बांधलेला, राजा १९१६ मध्ये इथेच गेला. आत म्युझियम आहे, सोमवार टाळा. आणि सावंतवाडीच्या राजवाड्याला निदान दीड तास द्या. तिथे कारागीर बसून गंजिफा रंगवतात, गोल पत्ते, दशावतारी संचात दहा रंग, प्रत्येकी बारा, एकूण एकशे वीस. बारीक ब्रशने एवढ्याशा गोलात मत्स्यावताराचे खवले काढताना मी बघितलंय, माणूस श्वास रोखून रेघ ओढतो. तिथे मोठ्याने बोलू नका, आणि परवडत असेल तर संच तिथूनच घ्या.